ओळखीचा धूर

दर वर्षी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, आमच्याकडे उन्हाळा लागताना, राजधानीहून आमच्या रेडिओकडे एक कागद येतो. त्याचा मथळा दोन ओळींचा असतो, पण मजकूर एका दमात सांगता येतो. उन्हाळा नेहमीपेक्षा कडक, पाऊस नेहमीपेक्षा कमी, आणि डोंगराकडून वारा सुटला तर आगीपासून जपा. गेली एकोणीस वर्षं सांता रुफिना या आमच्या गावाच्या रेडिओवरून मी हा कागद वाचतो आहे. वाचून झाला की फोन वाजू लागतात. एकजण विचारतो, "नोल्बेर्तो, ते नेहमीचं कुठल्या साली होऊन गेलं रे? मी तेव्हा गावाला गेलो होतो का?" दुसरा म्हणतो, वारा येणार ते सांगितलंस, आता माझ्या छपराचे पत्रे कोण धरून बसणार तेही सांग.

तिसरा फोन दोन्या क्लोरिंदाचा, म्हणजे क्लोरिंदाबाईंचा, ठरलेला.

"वाचलास का कागद? आता खिडकी उघडून एकदा बाहेर बघ. आकाशाकडे न बघता हवामान सांगतोस, लग्न न करता संसार शिकवणाऱ्या पाद्र्यासारखा."

ती मात्र खरोखर बघून बोलायची. क्लोरिंदा किलोद्रान ही आमच्या टेकडीवरच्या, आगीवर नजर ठेवायच्या टॉवरची राखणदार. जंगल लाकूड-कंपनीचं, टॉवर कंपनीचा, पण डोळे क्लोरिंदाचे. नोव्हेंबरच्या मध्यावर ती वर चढायची ती एप्रिलचा पाऊस लागेपर्यंत. असे एकतीस उन्हाळे. सव्वीस मीटरची लोखंडी शिडी, वर चारी बाजूंनी काचा असलेली खोली, मध्ये अंश कोरलेलं गोल टेबल आणि त्यावर फिरणारी पितळी नजर-पट्टी. धूर दिसला की पट्टी त्याच्याकडे वळवायची, अंश वाचायचे आणि वायरलेसवर सेंट्रलला, म्हणजे कंपनीच्या नियंत्रण कक्षाला, कळवायचे. सेंट्रलमधून आग विझवणारी ब्रिगेड निघते. एवढंच काम. पण हे एवढंच काम पहाटेपासून अंधार पडेपर्यंत, डोळ्याला डोळा लागू न देता. टॉवरच्या पायथ्याशी तिची झोपायची खोपी होती. वर जाताना माते नावाच्या कडू पाल्याच्या काढ्याचा थर्मास, भाजक्या गव्हाच्या पिठाची पिशवी आणि लोकरीचं विणकाम. विणताना ती खाली बघत नसे. त्यामुळे तिने विणलेल्या मोज्यांपैकी एक नेहमी दुसऱ्यापेक्षा लांब असायचा. सबंध गाव ते मोजे घालून हिवाळाभर थोडंसं लंगडायचं.

धूर बघून बघून तिला आख्खं खोरं पाठ झालं होतं. बारीक, पांढरा, सरळ वर जाणारा तो चुलीचा. गोल गोल पुंजक्यांनी येणारा तो ओली लाकडं घालणाऱ्या आळशी माणसाचा. कोणाकडे राखेत भाकरी भाजतायत आणि कोणाकडे नुसता चहा उकळतोय, हे ती चार किलोमीटरवरून सांगायची. एकदा तिने मला मुख्याध्यापिकाबाईंच्या घरातल्या भांडणाची बातमी दिली होती.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तीन दिवस तिच्या घरातून धूर नाही, आणि तिच्या सासूकडे दुपटीने चूल पेटतेय. नवरा कुठे जेवतो ते कळायला शाळा शिकावी लागते का?"

या ज्ञानाचा कंपनीला मोठा उपयोग. नव्या मुली टॉवरवर बसल्या की दिसेल त्या धुराला आग म्हणायच्या आणि ब्रिगेडची माणसं बारा मैल धावत येऊन कुणाच्या तरी मक्याच्या कणसांपाशी पोचायची. दोन्या क्लोरिंदा आधी बघायची, कुणाचा ते ओळखायची, आणि घरगुती असला तर सेंट्रलच्या यास्नाला म्हणायची, "अमुक अंशावर धूर, ओळखीचा." यास्ना लिहून घ्यायची: ओळखीचा. मग ब्रिगेडवाले जागचे हलायचे नाहीत. एकतीस उन्हाळ्यांत तिचा ‘ओळखीचा’ एकदाही चुकला नव्हता.

खोऱ्यातला एकच धूर असा होता, की जो बघताना तिचा हात थांबायचा. तो तिच्या धाकट्या भावाचा.

बाउदिलियो कोळसा पाडायचा. पेऊमोच्या घळीत त्याच्या मातीच्या दोन भट्ट्या होत्या, उलट्या घातलेल्या मोठ्या घड्यांसारख्या. लाकूड भरून भट्टी पेटवली की चार-पाच दिवस धुमसत राहते. धूर पांढऱ्याचा निळा झाला की भोकं मातीने लिंपून गुदमरवायची. मधेच विझवायची म्हटलं तर सगळी मेहनत कच्ची राहते, आणि मधेच उघडली तर कोळशाची राख होते. म्हणजे भट्टी एकदा पेटली की माणूस तिच्या तालावर नाचणार. आणि वाऱ्याच्या दिवशी खोऱ्यात कुठेही काही पेटवायला बंदी.

माणूस मोठा गोड, पण हट्टी. राजधानीच्या कागदावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. आमच्याकडची जुनी माणसं जानेवारीचे पहिले बारा दिवस बघतात. पहिला दिवस जसा जाईल तसा जानेवारी, दुसरा तसा फेब्रुवारी, असे बारा दिवसांत बारा महिने उलगडतात. बाउदिलियो ते बारा दिवस अंगणात खुर्ची टाकून बसायचा आणि तेराव्या दिवशी रेडिओवर येऊन मला वर्षाचं हवामान मोफत द्यायचा.

"तुमच्या साहेबांकडे यंत्रं किती?" तो विचारायचा.

"असतील पाच-पन्नास."

"माझ्याकडे एक खुर्ची. तिचाही एक पाय मोडका. तरी बघ, कुणाचं जास्त जमतं."

तीन उन्हाळ्यांपूर्वी एका बंदीच्या दिवशी त्याच्या घळीत धूर दिसला. दोन्या क्लोरिंदाने तो कळवला. राखणदाराने कळवायलाच हवा. ब्रिगेड आली, मागून पोलीस आले, भट्टी फोडली गेली आणि भावाला संध्याकाळपर्यंत चौकीत बसावं लागलं. त्यानंतर वर्षभर तो तिच्याशी बोलला नाही. आईच्या पुण्यतिथीच्या प्रार्थनेला हा उजव्या बाकावर, ती डाव्या. शेवटी त्याची बायको वारली तेव्हा स्मशानात दोघं एकमेकांच्या गळ्यात पडून रडली, आणि त्यातून एक तह निघाला. भट्टी पेटवली की बाउदिलियो एका उंच काठीवर पांढरी चादर लावणार. चादर दिसली की धूर त्याचा.

"पण बंदीच्या दिवशी?" मी तिला विचारलं होतं. टॉवरच्या पायथ्याशी आम्ही कलिंगडावर भाजकं पीठ टाकून खात बसलो होतो.

ती बराच वेळ बिया थुंकत राहिली. मग म्हणाली, "तेच ना. त्या घळीकडे दुर्बीण वळवली की मी आधी चादर शोधते, नोल्बेर्तो. धूर त्याचा असला तर पोलीस त्याला नेतील. धूर त्याचा नसला तर तो जळेल. दोन्हीकडे माझाच भाऊ."

आणि मग लगेच, "तू सगळं कलिंगड संपवलंस. माणूस आहेस का टोळ?"

मागच्या फेब्रुवारीत बारा तारखेला संध्याकाळी राजधानीहून तातडीचा कागद आला. उद्या तिन्ही तीस, असं आम्ही म्हणतो. उष्णता तीसच्या वर, हवेतला ओलावा तीसच्या खाली, वारा ताशी तीसच्या वर. या वेळी उष्णतेपुढे एकोणचाळीस लिहिलं होतं. वर पुएल्चे, म्हणजे पर्वतावरून समुद्राकडे उतरणारा तो कोरडा वारा, ज्यात कपडे वाळत घालायच्या आतच वाळतात आणि शांत नवरे बायकांवर ओरडतात. मी कागद तीनदा वाचला. बंदी जाहीर केली. आणि शेवटी माझ्या पदरचं एक वाक्य घातलं, "बाउदिलियो, खुर्ची आत घे आणि भट्टी बंद कर."

खरं सांगायचं तर मी ते गंमत म्हणून म्हटलं. तो ऐकेल असं मला वाटलं नव्हतं. त्याच्या हिशेबाने दोन जानेवारीला ढग होते, म्हणजे फेब्रुवारी मवाळ जाणार होता, आणि त्याची भट्टी दोन दिवसांपूर्वीच पेटलेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तो मला बेकरीत भेटला. टोपी डोळ्यांवर ओढलेली.

"लिंपली," तो पुटपुटला.

"काय लिंपली?"

"भट्टी. पहाटे उठून भोकं बुजवली. अर्धा कोळसा कच्चा राहणार. खूश?"

मी पाव खाली ठेवून त्याच्याकडे बघतच राहिलो. "रेडिओचं ऐकलंस?"

"हळू बोल. रेडिओचं नाही, वाऱ्याचं ऐकलं. पहाटे वाऱ्याला कोरडा वास होता, सावलीतसुद्धा गरम." मग त्याने माझा दंड धरला. "हे बघ, क्लोरीला सांगायचं नाही. तिला कळलं की मी कागदाला घाबरून भट्टी बुजवली, तर ईस्टरपर्यंत माझी चेष्टा करेल. चादर तशीच ठेवलीय. दोन दिवसांनी काढीन, म्हणेन वेळेवर पिकली. शब्द दे."

मी शब्द दिला. हसत दिला. बेकरीवालीही हसली. त्याने दोन पाव घेतले, एक माझ्या पिशवीत टाकला आणि जुन्या पिकअपमध्ये बसून घळीकडे गेला.

दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी पेऊमोच्या घळीतून धूर निघाला.

पुएल्चेच्या दिवशी धूर उभा राहत नाही. वारा त्याला जमिनीवर आडवा पाडतो, त्यात धूळ मिसळतो, आणि पांढरा, निळा, काळा असं काहीच सांगता येत नाही. दिसते ती फक्त जागा. दोन्या क्लोरिंदाने दुर्बीण लावली. जागा बाउदिलियोची. काठीवर चादर फडफडत होती. आणि ती भावाला बासष्ट वर्षं ओळखत होती. रेडिओने बंद कर म्हटलं म्हणून तो मुद्दाम चालू ठेवणार, याबद्दल तिच्या मनात शंकाच नव्हती. वायरलेसवर ती म्हणाली, "यास्ना, दोनशे चौदा अंश. ओळखीचा."

यास्नाने लिहून घेतलं.

मग तिने त्याला फोन लावला. घळीत फोन लागत नाही, हे तिला ठाऊक होतं, तरी लावला. पुन्हा लावला. भावाला मनातल्या मनात चार शिव्या दिल्या. हे सगळं तिने मला नंतर सांगितलं, एकेक मिनिट वेगळं करून. अकराव्या मिनिटाला धूर घळीबाहेर आला आणि कंपनीच्या पाइनच्या शेंड्यांवरून लाल जीभ दिसली.

तेव्हा तिने आग कळवली. ब्रिगेड आली, दोन हेलिकॉप्टरं आली. वारा थांबेपर्यंत कुणाच्याने काही झालं नाही. दोन डोंगर, चौदा घरं, शाळेची नवी इमारत. माणसं वेळेवर बाहेर पडली, कारण त्यानंतर टॉवरवरून दोन्या क्लोरिंदा दर दोन मिनिटांना आगीचं तोंड कुठे वळतंय ते सांगत होती, आणि मी ते जसंच्या तसं रेडिओवरून बोलत होतो. धूर टॉवरपर्यंत पोचला तेव्हा ब्रिगेडच्या प्रमुखाने तिला खाली उतरायचा हुकूम दिला. तिने वायरलेस बंद केला, तोंडाला ओला फडका बांधला आणि संध्याकाळपर्यंत मला फोनवरून अंश सांगत राहिली. आवाज कापत नव्हता. एकदाच म्हणाली, "घळीत कुणी गेलं का? माझा भाऊ आहे तिथे."

तो दुसऱ्या दिवशी सापडला. भट्टीपाशी, हातात फावडं. आग अडवायला भट्टीभोवती त्याने हातभर रुंदीचा पट्टा खणून काढायला सुरुवात केली होती.

आग कुठून लागली ते आजही नक्की कुणाला सांगता आलेलं नाही. पण भट्टीतून नाही, एवढं कळलं. ब्रिगेडच्या प्रमुखाने तिच्यासमोरच फोडून पाहिली. बाहेर दगडसुद्धा काळे पडलेले, आणि आत निम्मा कच्चा कोळसा, गार, जसा लिंपून ठेवला होता तसा. प्रमुख चांगला माणूस. तो म्हणाला, "दोन्या क्लोरिंदा, बघा, त्यांची काही चूक नव्हती." त्याला वाटलं, एवढं ऐकून तिला बरं वाटेल.

ती भट्टीच्या तोंडाशी बसून राहिली. कोळशाचा एक तुकडा हातात घेऊन परत आत ठेवला.

त्या आठवड्यात मी रेडिओवरून आगीची हकिगत सांगितली. त्यात मी म्हटलं, "धूर दिसताक्षणी टॉवरवरून खबर गेली." कुणी सांगायला सांगितलं नव्हतं. मला वाटलं, तिच्यासाठी म्हणतोय. खोऱ्यालाही तेच हवं होतं. ज्यांची घरं गेली ती माणसंसुद्धा तिला भेटायला येताना अंडी घेऊन येत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्टुडिओत आली. काळी शाल, पायांत लहानमोठे मोजे.

"काल तू काय बोललास?"

"जे झालं ते."

"अकरा मिनिटं कुठे गेली?"

"दोन्या क्लोरिंदा, प्रमुख म्हणतात त्या वाऱ्यात अकरा मिनिटांनी काही..."

"प्रमुखाला मी विचारलेलं नाही. मी तुला विचारतेय. अकरा मिनिटं मी माझ्या भावाला शिव्या देत बसले होते आणि तो फावडं मारत होता. ती तू कोणाला देऊन टाकलीस? माझी आहेत ती."

माझ्याने राहवलं नाही. मी बेकरीतलं सगळं सांगितलं. भट्टी, चादर, माझा शब्द. सांगताना मी टेबलावरच्या कागदांचे कोपरे जुळवत होतो, ते मला आठवतं.

ती समोरच्या खुर्चीवर बसली. बाहेर कुणाचा तरी कोंबडा भलत्या वेळी ओरडत होता. तिने विचारलं, "हसत होता?"

"हो."

"माझी भीती वाटत होती त्याला?"

"तुमच्या चेष्टेची."

"म्हणजे माझीच." मग ती म्हणाली, "तो माइक चालू कर."

त्या दिवशी हवामानाच्या वेळेला दोन्या क्लोरिंदा बोलली. दोन मिनिटंसुद्धा नाही. धूर किती वाजता दिसला, तिने तो कोणाचा समजला, किती मिनिटांनी खबर दिली. "मी ओळखीचा म्हटलं. तो ओळखीचा नव्हता. चौदा घरं आणि बाउदिलियो किलोद्रान. मी क्लोरिंदा किलोद्रान, टॉवरवरची." माझं नाव तिने घेतलं नाही. बेकरीचंही नाही. मी काचेपलीकडे बसलो होतो, तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि माइक माझ्याकडे सरकवला. मला त्या वेळी तोंड उघडून बेकरीतलं बोलता आलं असतं. मी गाणं लावलं.

फोन वाजला नाही. एकही नाही. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

कंपनीने या हंगामात टॉवरवर कॅमेरे बसवले. तिच्यामुळे नाही, ते आधीच ठरलं होतं, असं ते सांगतात, आणि ते खरंही असेल. दोन्या क्लोरिंदा आता गावात, बहिणीच्या नातीच्या घरी राहते. वरच्या मजल्यावर एक खिडकी आहे. दुर्बीण तिची स्वतःची होती, ती तिने बरोबर आणली.

या डिसेंबरात कागद आला. कडक, कोरडा, वाऱ्याचा. मी वाचला. तिचा फोन आला नाही. सेंट्रलमध्ये मात्र येऊ लागला. यास्ना मला सांगते, दिवसातून वीस, कधी तीस. चर्चच्या मागे धूर. नदीकाठी धूर. अमुक अंश. यास्नाने पहिल्यांदा हळूच विचारलं होतं, "दोन्या क्लोरिंदा, ती तुमच्या शेजारणीची चूल नाही का?" तर म्हणाली, "धूर आहे. कोणाचा ते मी बघत नाही. लिही." यास्ना लिहिते. एकही खोडत नाही. ब्रिगेडवाले शक्य तेवढ्या ठिकाणी जाऊन येतात, लोकही त्यांना काही म्हणत नाहीत. आत बोलावतात, पाणी देतात.

परवा रविवारी, दोन दिवस पाऊस पडून गेल्यावर, वारा अगदी पडलेला असताना मी अंगणात शेगडी पेटवली. बायकोने सॉसेज आणले होते. पहिलं उलटायच्या आत ब्रिगेडची गाडी दाराशी. दोघंजण खाली उतरले, मला बघून ओशाळले.

"नोल्बेर्तोसाहेब, खबर आली."

"कोणाची ते सांगू नका," मी म्हटलं.

त्यांनी एकेक सॉसेज खाल्लं, टोप्या हातात धरूनच. गाडी गेली आणि आत फोन वाजला. बायकोने तो माझ्या हातात दिला.

"नोल्बेर्तो, तुझ्या अंगणात धूर आहे."

"हो, दोन्या क्लोरिंदा. शेगडी पेटवलीय."

"विझव."

मी फोन खांद्याशी धरून बादली उचलली आणि निखाऱ्यांवर पाणी ओतलं. फस्स झालं, सॉसेज भिजले, बायको परात घेऊन आत गेली.

"विझली?" तिने विचारलं.

"विझली."

"अजून दिसतोय."

"वाफ आहे ती."

"मला इथून वाफ आणि धूर वेगळा कळत नाही," दोन्या क्लोरिंदा म्हणाली. "आणखी ओत. मी थांबते."

मी दुसरी बादली भरायला गेलो. फोन चालूच होता. पलीकडून तिच्या श्वासाचा आवाज येत होता, शिडी चढून आल्यासारखा.